‘टू फॉर्टी-वन बाय एट’ नको: १४ जुलै २०१९ चे स्कोअर इंग्रजीत वाचताना

रविवार, १४ जुलै २०१९. लंडनमध्ये एकाच दुपारी दोन अंतिम सामने चालू होते. लॉर्ड्सवर क्रिकेट विश्वचषकाचा आणि विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर पुरुष एकेरीचा. त्याच दिवशी सिल्व्हरस्टोनला ब्रिटिश ग्रां प्री ही मोटारशर्यत झाली आणि कैरोत आफ्रिका चषकाच्या फुटबॉलच्या दोन उपांत्य लढती. क्रिकेट सुपर ओव्हरपर्यंत गेलं, तिथेही बरोबरी झाली. टेनिस पाचव्या सेटच्या टायब्रेकपर्यंत, म्हणजे गेम समान झाल्यावर निकालासाठी खेळतात त्या जादा गेमपर्यंत गेलं. इंग्रजीत स्कोअर वाचण्याचा सराव करायला याहून अवघड आणि याहून चांगला दिवस सापडणं कठीण, म्हणून प्रकरण अभ्यासासाठी तोच घेतला आहे.

प्रसंग असा धरू. सोमवारी सकाळी शाळेच्या परिपाठात नववीतल्या विद्यार्थ्याला इंग्रजीतून क्रीडाबातम्या वाचायच्या आहेत. वेळ दीड मिनिट, समोर माइक. हातातला कागद अर्धा मराठी वर्तमानपत्रातून आणि अर्धा मोबाइलवरून उतरवलेला:

न्यूझीलंड ५० षटकांत ८ बाद २४१
इंग्लंड ५० षटकांत सर्वबाद २४१
सुपर ओव्हर: इंग्लंड १५/०, न्यूझीलंड १५/१
बेन स्टोक्स नाबाद ८४ (९८ चेंडू)
ख्रिस वोक्स ३/३७, लियम प्लंकेट १०-०-४२-३
जोकोविच वि. वि. फेडरर ७-६ (५), १-६, ७-६ (४), ४-६, १३-१२ (३)
सेनेगल १-० ट्युनिशिया (जादा वेळ), अल्जेरिया २-१ नायजेरिया
हॅमिल्टन विजयी, सर्वांत वेगवान फेरी १:२७.३६९

तयारी न करता वाचलं तर साधारण असं ऐकू येतं: ‘न्यूझीलंड एट आउट टू फॉर्टी-वन. सुपर ओव्हर, इंग्लंड फिफ्टी बाय झीरो, न्यूझीलंड फिफ्टी बाय वन. स्टोक्स नॉट आउट एटी-फोर. जोकोविच वन अगेन्स्ट फेडरर बाय सेव्हन डॅश सिक्स ब्रॅकेट फाइव्ह. सेनेगल वन इज टू झीरो ट्युनिशिया. ट्वेंटी-सेव्हन पॉइंट थ्री हंड्रेड सिक्स्टी-नाइन.’

यात इंग्रजी कच्चं असण्याचा भाग थोडाच आहे. आकडे बरोबर आहेत, पण आकड्यांमधल्या खुणा जशा दिसल्या तशा वाचल्या गेल्या. तिरपी रेघ, आडवी रेघ, कंस, टिंब, तारा ही डोळ्यांसाठी केलेली लघुलिपी आहे. बोलताना प्रत्येक खुणेच्या जागी त्या खेळात रूढ असलेला शब्द घालावा लागतो, किंवा नुसता छोटा थांबा. आणि मराठीतली मांडणी इंग्रजीच्या उलट असेल तिथे ओळच फिरवावी लागते.

सुरुवात क्रिकेटच्या पहिल्या ओळीपासून, कारण सगळ्यांत जास्त घोळ तिथे आहे. मराठीत आपण ‘८ बाद २४१’ म्हणतो: आधी गडी, मग धावा. इंग्लंडमध्ये, भारतात आणि बहुतेक क्रिकेट खेळणाऱ्या देशांत इंग्रजीत क्रम उलटा असतो, आधी धावा आणि मग गडी: ‘टू हंड्रेड अँड फॉर्टी-वन फॉर एट’. ऑस्ट्रेलियात मात्र आपल्या मराठीसारखंच गडी आधी, ‘एट फॉर टू हंड्रेड अँड फॉर्टी-वन’, आणि फलकावरही ८/२४१ असंच लिहितात. म्हणजे मराठी मुलाने मनातला क्रम तसाच ठेवून मधे ‘फॉर’ घातला, तर ते सिडनीत बिनचूक ठरेल. पण ‘बाद’चा ‘आउट’ केला की कुठेच चालत नाही. ‘एट आउट’ हा इंग्रजीतला स्कोअर नाही.

मधला शब्द ‘फॉर’ असतो, ‘बाय’ नाही. ‘टू फॉर्टी-वन बाय एट’ आपल्याकडे इतकं कानावर पडतं की अनेकांना ते बरोबरच वाटतं. याचं मूळ शाळेच्या गणितात आहे: तीन छेद चार हा अपूर्णांक आपण ‘थ्री बाय फोर’ असा वाचायला शिकतो आणि तिरपी रेघ दिसली की तोंडात ‘बाय’ येतं. भारतीय श्रोता समजून घेतो. बाहेरचा गोंधळतो, कारण क्रिकेटच्या इंग्रजीत ‘बाय’ला आधीच दोन कामं आहेत: एक अवांतर धावांचं, दुसरं विजयाचं अंतर सांगण्याचं. ‘बाय एट’ कानावर पडलं की तो ‘एट विकेट्स’ की ‘एट रन्स’, कितीने जिंकले, याची वाट पाहू लागतो.

‘फॉर’चा उच्चारही बघून घ्यावा. तो ठासून म्हटला की ‘फोर’च्या जवळ जातो. चौथा गडी बाद झाला तेव्हा इंग्लंडची धावसंख्या ८६ होती. तो स्कोअर, ‘एटी-सिक्स फॉर फोर’, सावकाश आणि सगळ्या शब्दांवर सारखाच जोर देऊन वाचा. शेवटी ‘फोर फोर’ ऐकू येईल. इंग्रजीत इथला ‘फॉर’ निसटता, जवळपास ‘फ’ इतकाच असतो आणि जोर दोन्ही बाजूंच्या आकड्यांवर पडतो: ‘एटी-सिक्स फ फोर’. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर ‘र’ परत येतो: ‘टू फॉर्टी-वन फर एट’. रेडिओवरचं समालोचन ऐकताना फक्त हा शब्द पकडायचा प्रयत्न केला तर दहा मिनिटांत कान तयार होतो.

‘टू हंड्रेड अँड फॉर्टी-वन’ की ‘टू फॉर्टी-वन’? दोन्ही चालतं. समालोचनात आखूड रूप, बातमीत पूर्ण रूप. ‘अँड’ गाळणं ही अमेरिकी लकब आहे आणि क्रिकेटच्या इंग्रजीत ‘अँड’ ठेवण्याची पद्धत आहे. अंक सुटे करून ‘टू फोर वन’ म्हणू नये, तो दूरध्वनी क्रमांकासारखा वाटतो.

इंग्लंडची ओळ सोपी आहे. ‘सर्वबाद २४१’ म्हणजे ‘टू हंड्रेड अँड फॉर्टी-वन ऑल आउट’. दुसरी रचनाही आहे: ‘इंग्लंड वेअर ऑल आउट फॉर टू हंड्रेड अँड फॉर्टी-वन’. ही दुसरी मराठी मनाला जवळची, कारण तीत क्रम आपलाच राहतो. ‘नाबाद’चं तसं नाही. इंग्रजी फलकावर त्यासाठी ८४ पुढे तारा असतो, तो ‘नॉट आउट’ असा वाचायचा आणि तो आकड्यानंतरच येतो: ‘एटी-फोर नॉट आउट, ऑफ नाइन्टी-एट बॉल्स’. ‘एटी-फोर स्टार’ नाही आणि ‘नॉट आउट एटी-फोर’ही नाही. ‘नाबाद ८४’ शब्दशः उलटवल्याची ही खूण ऐकणाऱ्याला लगेच कळते.

गोलंदाजीत मात्र पाटी फिरते. वोक्सचे ३/३७ म्हणजे तीन बळी आणि ३७ धावा. इथे सगळ्या देशांत बळी आधी: ‘थ्री फॉर थर्टी-सेव्हन’. म्हणजे एकाच कागदावर संघाच्या स्कोअरमध्ये धावा आधी आणि गोलंदाजाच्या आकड्यांत बळी आधी, मधला शब्द दोन्हीकडे तोच. एरवी गोंधळ होत नाही, कारण गड्यांचा आकडा दहाच्या वर जात नाही आणि धावा बहुतेकदा त्याहून बऱ्याच जास्त असतात. पण याच स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात, ओल्ड ट्रॅफर्डवर, भारताची अवस्था ५ धावांत ३ बाद अशी झाली होती. रोहित शर्मा, विराट कोहली आणि के. एल. राहुल, तिघेही प्रत्येकी एका धावेवर बाद. फलकावर ५/३. ‘फाइव्ह फॉर थ्री’ म्हटलं तर आपल्याकडचा श्रोता बरोबर समजेल. ऑस्ट्रेलियन माणसाला ते तीन धावांत पाच गडी वाटेल आणि अर्धवट ऐकणाऱ्याला एखाद्या गोलंदाजाने तीन धावांत पाच बळी घेतल्यासारखं. दोन्ही आकडे दहाच्या आत असले की आखूड रूप सोडून द्यावं आणि ‘फाइव्ह रन्स फॉर द लॉस ऑफ थ्री विकेट्स’ असं पूर्ण म्हणावं. पाच शब्द वाढतात, पण अर्थ एकच उरतो.

प्लंकेटचे १०-०-४२-३ हे चार आकडे षटकं, निर्धाव षटकं, धावा, बळी या क्रमाने असतात. समालोचक ते ‘टेन, नॉट, फॉर्टी-टू, थ्री’ असे सरळ वाचतो. इथला ‘नॉट’ म्हणजे शून्य. ‘नाही’ या अर्थाच्या ‘नॉट’पेक्षा त्याचा स्वर लांब असतो. परिपाठात ही साखळी वाचू नये. कान चार सुटे आकडे धरून ठेवू शकत नाही. ‘थ्री फॉर फॉर्टी-टू’ पुरे.

षटकांचं टिंब हा छोटा सापळा आहे. न्यूझीलंडचा आठवा गडी ४९.३ षटकांत बाद झाला. बोलताना सर्रास ‘फॉर्टी-नाइन पॉइंट थ्री ओव्हर्स’ म्हणतात आणि ते मान्यही आहे, पण हे दशांशचिन्ह नाही. टिंबानंतरचा आकडा चेंडूंचा, म्हणून ४९.५ नंतर सहावा चेंडू पडला की थेट ५० होतात. बातमीत ‘द थर्ड बॉल ऑफ द फिफ्टिएथ ओव्हर’ म्हटलं तर जास्त स्पष्ट. एकोणपन्नास पूर्ण, म्हणजे चालू षटक पन्नासावं. ‘फॉर्टी-नाइन्थ ओव्हर’ म्हणण्याची चूक इथेच होते.

सुपर ओव्हरची ओळ छोटी आहे, पण परिपाठात तिचाच सगळ्यांत मोठा घोटाळा होतो. १५ चा ‘फिफ्टी’ होतो. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत फरक दोन गोष्टींचा: शेवटचा ‘न’ आणि जोर. ‘फिफ्टी’त जोर पहिल्या ‘फिफ्’वर आणि शेवटची ‘टी’ आखूड. ‘फिफ्टीन’मध्ये ‘टीन’ लांब आणि जोरही तिच्यावर. पण पुढे लगेच जोरदार शब्द आला की इंग्रजीत ‘टीन’वरचा जोर मागे सरकून ‘फिफ्’वर येतो आणि मग भिस्त ‘न’वरच राहते. साधा माइक नेमका तोच ‘न’ गिळतो. म्हणून आकड्यानंतर ‘रन्स’ घालावा: ‘फिफ्टीन रन्स’. एका षटकात पन्नास धावा झाल्याचं जाहीर होण्यापेक्षा एक शब्द वाढलेला बरा.

१५/० मधल्या शून्याला इथे ‘झीरो’ म्हणत नाहीत. ‘बिनबाद’साठी ‘फॉर नो लॉस’ किंवा ‘विदाउट लॉस’: ‘फिफ्टीन विदाउट लॉस’. न्यूझीलंडचे ‘फिफ्टीन फॉर वन’, कारण गप्टिल शेवटच्या चेंडूवर धावबाद झाला. फलंदाजाच्या शून्याला ‘डक’ म्हणतात. बदकाच्या अंड्याचा आकार शून्यासारखा, म्हणून ते नाव. आपल्याकडे त्या जागी भोपळा आहे, आणि ‘भोपळाही फोडता आला नाही’ यात जी चव आहे ती ‘ही वॉज आउट फॉर अ डक’मध्ये शोधू नये, प्रत्येक भाषेची आपली भाजी.

आता निकाल. सामना बरोबरीत, सुपर ओव्हरही बरोबरीत, आणि जास्त चौकार-षटकार मारल्यामुळे इंग्लंड विजयी, २६ विरुद्ध १७. हे सांगताना तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, ‘ड्रॉ’. क्रिकेटमध्ये धावा समान होऊन सामना संपला तर ‘टाय’. वेळ संपल्यामुळे निकाल लागला नाही तर ‘ड्रॉ’, आणि तो कसोटीसारख्या अनेक दिवसांच्या सामन्यांतच होतो. मराठीत पहिल्याला बरोबरीत सुटलेला आणि दुसऱ्याला अनिर्णित म्हणतात. हा भेद इंग्रजीतही तसाच नेला की चूक होत नाही. दुसरं, ‘इंग्लंड वन बाय नाइन बाउंड्रीज’. नऊचं अंतर खरं, पण चौकारांच्या फरकाने विजयाचं अंतर मोजत नाहीत. ‘ऑन बाउंड्री काउंट’ म्हणायचं. तिसरं, २६-१७ मधली रेघ. इथे ‘टु’ चालतो, कारण काय मोजलं ते आपण आधी सांगितलेलं असतं: ‘ट्वेंटी-सिक्स बाउंड्रीज टु सेव्हन्टीन’. (हा नियम आयसीसीने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रद्द केला. उपांत्य आणि अंतिम सामन्यात सुपर ओव्हर बरोबरीत सुटली तर आता निकाल लागेपर्यंत पुन्हा सुपर ओव्हर होते.)

‘बाय’ कुठे घालायचा याचा एक नियम सगळ्या खेळांना लागू पडतो. फरक सांगायचा असेल तर ‘बाय’, पूर्ण स्कोअर सांगायचा असेल तर काहीच नाही. उपांत्य सामन्यात न्यूझीलंडने २३९ धावा केल्या, भारताने २२१. फरक १८ चा, म्हणून ‘न्यूझीलंड बीट इंडिया बाय एटीन रन्स’. विम्बल्डनची महिला एकेरी आदल्या दिवशी सिमोना हालेपने ६-२, ६-२ अशी जिंकली. तो पूर्ण स्कोअर, म्हणून ‘हालेप बीट सेरेना विल्यम्स सिक्स-टू, सिक्स-टू’. ‘बाय सिक्स-टू’ नाही. ‘गडी राखून’साठीही ‘बाय’ पुरतो: ‘तीन गडी राखून’ म्हणजे ‘बाय थ्री विकेट्स’. राखणं इंग्रजीत बोलून दाखवत नाहीत. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुण्यात, गहुंजेच्या मैदानावर, भारताने दक्षिण आफ्रिकेला एक डाव आणि १३७ धावांनी हरवलं, ते ‘बाय ॲन इनिंग्ज अँड अ हंड्रेड अँड थर्टी-सेव्हन रन्स’. एक डाव असला तरी ‘इनिंग्ज’च, ‘इनिंग’ नाही. भारताने त्या कसोटीत ५ बाद ६०१ वर डाव घोषित केला होता: ‘सिक्स हंड्रेड अँड वन फॉर फाइव्ह डिक्लेअर्ड’.

‘वि. वि.’ हे ‘विजयी विरुद्ध’चं रूप. त्याचं भाषांतर ‘वन अगेन्स्ट’ असं करण्याऐवजी ‘बीट’ वापरावा. भूतकाळातही तो ‘बीट’च राहतो. ‘बीटेड’ हे रूप नाही आणि ‘वन फ्रॉम फेडरर’ हेही इंग्रजी नाही.

टेनिसच्या ओळीत पाच सेट आणि तीन कंस आहेत. ती वाचण्याआधी तिचा मालक ठरवावा लागतो. वर्तमानपत्रातली टेनिसची ओळ विजेत्याच्या बाजूने लिहिलेली असते, प्रत्येक सेटमध्ये त्याचे गेम आधी. म्हणून ‘१-६’ म्हणजे जोकोविचने तो सेट गमावला. वाचताना पुष्कळजण मोठा आकडा पुढे घेऊन ‘सिक्स-वन’ म्हणतात आणि एका झटक्यात फेडररचा सेट जोकोविचला देऊन टाकतात. या सामन्यात ही चूक विशेष महागात पडते, कारण हरलेल्या फेडररने जास्त गेम जिंकले होते, ३६ विरुद्ध ३२, आणि गुणही जास्त, २१८ विरुद्ध २०४. क्रम पाळला नाही तर सामना कसा झाला हेच कळत नाही. पूर्ण ओळ अशी: ‘सेव्हन-सिक्स, वन-सिक्स, सेव्हन-सिक्स, फोर-सिक्स, थर्टीन-ट्वेल्व्ह’. सेटच्या दोन आकड्यांमध्ये काहीच नाही, दोन सेटांमध्ये छोटा थांबा. एकट्या सेटबद्दल बोलायचं असेल तेव्हा ‘फेडरर टुक द सेकंड सेट सिक्स-वन’ बरोबर, कारण आता वाक्य फेडररचं आहे.

कंसातला आकडा टायब्रेकमध्ये हरलेल्याचे गुण सांगतो. जिंकणाऱ्याचे लिहीत नाहीत कारण ते काढता येतात. सात गुणांच्या टायब्रेकमध्ये कंसात ५ किंवा त्याहून कमी असेल तर समोरच्याचे ७. सहा किंवा जास्त असेल तर त्यात दोन मिळवायचे. म्हणजे (५), (४), (३) हे ७-५, ७-४, ७-३. अकरा वर्षांच्या अंतराने झालेल्या विम्बल्डनच्या दोन्ही मोठ्या फायनल या हिशेबात बसतात: २००८ च्या नदाल-फेडरर सामन्यातल्या चौथ्या सेटचं ६-७ (८) म्हणजे टायब्रेक १०-८. २०२२ पासून चारही ग्रँड स्लॅममध्ये निर्णायक सेटला ६-६ वर दहा गुणांचा टायब्रेक खेळतात, तिथे बहुधा दोन्ही आकडे लिहिलेले असतात. २०२५ च्या फ्रेंच ओपनमध्ये अल्काराझने सिनरला हरवलं तेव्हाचा शेवटचा सेट ७-६ (१०-२) होता. १३-१२ हा आकडा त्यामुळे विम्बल्डनला आता दिसणार नाही. १२-१२ वर टायब्रेक खेळण्याचा नियम २०१९ पासून थोडीच वर्षं टिकला.

परिपाठात कंस वाचायचे का? नाही. तीन सेट टायब्रेकमध्ये जिंकले एवढं सांगितलं तर पुरे: ‘जोकोविच वन ऑल थ्री टायब्रेक्स’. फारतर शेवटचा सांगावा: ‘थर्टीन-ट्वेल्व्ह, सेव्हन-थ्री इन द टायब्रेक’. ‘ब्रॅकेट फाइव्ह’ कधीच नाही.

टेनिसच्या पंचाची भाषा बातमीहून वेगळी असते, पण तीही माहीत असावी, कारण मुलं ती सामन्यात ऐकतात आणि तशीच उचलतात. गेम चालू असताना सर्व्हिस करणाऱ्याचे गुण आधी. पाचव्या सेटमध्ये फेडरर ८-७ पुढे होता, सर्व्हिस त्याची आणि गुण ४०-१५. पंच म्हणतो ‘फॉर्टी-फिफ्टीन’. सर्व्हिस जोकोविचची असती तर हीच स्थिती ‘फिफ्टीन-फॉर्टी’ झाली असती. शून्याला ‘लव्ह’, समान गुणांना ‘ऑल’: ‘फिफ्टीन ऑल’, ‘थर्टी ऑल’. ४०-४० ला मात्र ‘ड्यूस’, ‘फॉर्टी ऑल’ नाही. टायब्रेक सुरू झाला की ‘लव्ह’ जातो आणि ‘झीरो’ येतो, आणि पुढे कोण ते नावाने सांगतात: ‘वन-झीरो, जोकोविच’. एकाच सामन्यात शून्याची दोन नावं! शेवटी ‘गेम, सेट अँड मॅच, जोकोविच, थ्री सेट्स टु टू’. इथला पहिला ‘टु’ आखूड आणि निसटता, दुसरा ‘टू’ लांब आणि जोराचा. दोन्ही सारखे म्हटले की अडखळल्यासारखं वाटतं.

बॅडमिंटनमध्येही शून्य ‘लव्ह’ आणि गुण सर्व्हिस करणाऱ्याचे आधी. पण बातमीत पुन्हा विजेत्याचे आधी. पी. व्ही. सिंधूने त्याच ऑगस्टमध्ये बासेलला ओकुहाराला हरवून जागतिक विजेतेपद मिळवलं, ते ‘ट्वेंटी-वन सेव्हन, ट्वेंटी-वन सेव्हन’.

फुटबॉलच्या ओळी सगळ्यांत लहान. १-० म्हणजे ‘वन-निल’. अमेरिकेत ‘वन-नथिंग’ म्हणतात, पण कैरोतल्या सामन्यासाठी ‘निल’च. ‘वन इज टू झीरो’ हे गुणोत्तर झालं. मुलं गुणोत्तर शाळेत ‘टू इज टू वन’ असं शिकतात आणि रेघ दिसली की तेच म्हणतात. ‘अल्जेरिया बीट नायजेरिया टू-वन’. हरलेल्या संघापासून वाक्य सुरू केलं तरी इंग्रजीत मोठा आकडा आधीच राहतो: ‘ट्युनिशिया लॉस्ट वन-निल टु सेनेगल’, ‘निल-वन’ नाही. ‘जादा वेळ’ हे ‘आफ्टर एक्स्ट्रा टाइम’, आणि ते सांगायला विसरू नये, कारण त्या सामन्यात नव्वद मिनिटांत गोलच झाला नव्हता. समान गोल असतील तर ‘वन-ऑल’. शून्य-शून्यला ‘निल-निल’ किंवा ‘गोललेस’. पेनल्टी शूटआउटचे गोल मुख्य स्कोअरमध्ये मिळवायचे नाहीत: २०२२ च्या विश्वचषकात अर्जेंटिना आणि फ्रान्स ‘थ्री-ऑल’ आणि मग अर्जेंटिना ‘फोर-टू ऑन पेनल्टीज’.

निकालांची लांब यादी वाचायची असेल तर आवाजाच्या चढउताराचंही भान ठेवावं. बीबीसी रेडिओवर जेम्स अलेक्झांडर गॉर्डन २०१३ पर्यंत अनेक वर्षं शनिवारचे फुटबॉल निकाल वाचत. दुसऱ्या संघाचं नाव ते ज्या सुरात घेत त्यावरून पुढचा आकडा ऐकण्याआधीच निकाल कळत असे: हरलेल्या संघाच्या नावावर आवाज उतरायचा, जिंकलेल्याच्या नावावर चढायचा. ‘सेनेगल वन’ वर चढून ‘ट्युनिशिया निल’ खाली, एवढा सराव दोन दिवसांत जमतो.

हॅमिल्टनची फेरी १:२७.३६९. इथलं विसर्गासारखं चिन्ह मिनिटांचं आणि टिंब मात्र खरं दशांशचिन्ह. दशांशानंतरचे अंक एकेक वाचायचे: ‘वन मिनिट ट्वेंटी-सेव्हन पॉइंट थ्री सिक्स नाइन सेकंड्स’. ‘पॉइंट थ्री हंड्रेड सिक्स्टी-नाइन’ गणितानेही चूक आहे, कारण तीन हा दशांश स्थानचा अंक आहे, शेकड्याचा नव्हे. परिपाठात हजारांशापर्यंत जाण्याची गरज नाही, विजयच सांगावा.

एवढं झाल्यावर कागद पुन्हा लिहून काढावा, यावेळी उच्चारायचे शब्द अक्षरात. आकडे आणि खुणा कागदावर ठेवल्या की वाचताना डोळा पुन्हा त्यांच्याकडे जातो आणि ‘बाय’, ‘डॅश’ परत येतात. थांबा घ्यायचा तिथे नवी ओळ:

न्यूझीलंड मेड टू हंड्रेड अँड फॉर्टी-वन फॉर एट.
इंग्लंड वेअर ऑल आउट फॉर टू हंड्रेड अँड फॉर्टी-वन.
द मॅच वॉज टाइड.
बोथ टीम्स मेड फिफ्टीन रन्स इन द सुपर ओव्हर,
अँड इंग्लंड वन द वर्ल्ड कप ऑन बाउंड्री काउंट,
ट्वेंटी-सिक्स टु सेव्हन्टीन.
बेन स्टोक्स मेड एटी-फोर नॉट आउट.
ॲट विम्बल्डन, नोव्हाक जोकोविच बीट रॉजर फेडरर इन फाइव्ह सेट्स:
सेव्हन-सिक्स, वन-सिक्स, सेव्हन-सिक्स, फोर-सिक्स, थर्टीन-ट्वेल्व्ह.
इन द आफ्रिका कप ऑफ नेशन्स, सेनेगल बीट ट्युनिशिया वन-निल आफ्टर एक्स्ट्रा टाइम,
अँड अल्जेरिया बीट नायजेरिया टू-वन.
लुईस हॅमिल्टन वन द ब्रिटिश ग्रां प्री.

सावकाश वाचलं तरी हा मजकूर मिनिटभरात संपतो. गोलंदाजीचे आकडे, कंस आणि फेरीची वेळ मुद्दाम गाळली आहे. दीड मिनिटात उरलेला वेळ थांब्यांना द्यावा. सराव तीनदा करावा. पहिल्यांदा फक्त आकड्यांचे तुकडे. दुसऱ्यांदा पूर्ण मजकूर, कोणाला तरी समोर पाठमोरं बसवून आकडे लिहायला सांगून. त्याने १५ च्या जागी ५० लिहिलं तर ‘न’ कुठे गेला ते तिथेच कळतं. तिसऱ्यांदा माइकसमोर, तोंडापासून वीतभर अंतरावर, म्हणजे ‘टी’ आणि ‘प’ यांचे फटके बसत नाहीत.

वाचताना आकडा चुकलाच तर पूर्ण वाक्य पुन्हा वाचण्याची गरज नाही आणि माफीची प्रस्तावनाही नको. ‘सॉरी’ म्हणून नुसता बरोबर तुकडा द्यायचा: ‘फिफ्टी रन्स... सॉरी, फिफ्टीन रन्स इन द सुपर ओव्हर’, आणि त्याच वेगाने पुढच्या ओळीवर.